भंगार कुणाचं? एका सोसायटीचा कचरा, दोघी बाया आणि हवामानबदलाचा हिशेब

विषय क्रमांक ४ : कचऱ्याची व्यवस्था.

२०२४ च्या एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीच्या सभेची नोटीस लागली, तीत हा विषय पार्किंगच्या खाली आणि लिफ्टच्या वर होता. कोथरूडच्या बाजूची ८४ घरांची सोसायटी. पार्किंगवर दीड तास भांडण झालं, कचरा दहा मिनिटांत उरकला. अकरा वर्षं दारोदार येऊन कचरा नेणाऱ्या दोघींना थांबवायचं आणि काम एका खासगी ठेकेदाराला द्यायचं, असं ठरलं. ठेकेदार गणवेशातली माणसं देणार होता, चारचाकी गाडी देणार होता आणि ओल्या कचऱ्याचं खत करणारं विजेवरचं यंत्र बसवून देणार होता. एका सभासदांनी पडद्यावर चित्रं दाखवली. त्यांत झाड होतं, पृथ्वीचा गोल होता आणि ‘कार्बन न्यूट्रल सोसायटी’ हे शब्द होते. घरपट्टीत सवलत मिळेल असंही सांगितलं गेलं, आणि पुण्यात घरपट्टीची सवलत म्हटलं की पुढचं कुणी फारसं ऐकत नाही.

मी हात वर केला होता, ठरावाच्या बाजूने. मी सोसायटीचा खजिनदार आहे, आणि कागदावर तो प्रस्ताव स्वस्त होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं वाचताना मी पहिल्यापासून शहाणा होतो असा कुणाचा समज व्हायला नको.

सहा महिन्यांनी आम्ही परत त्या दोघींकडे गेलो. मधल्या काळात काय बिनसलं आणि नव्या अटी कशा ठरल्या, त्याची ही नोंद. ती एका सोसायटीपुरती आहे. पण हवामानबदलाशी लढताना ‘महिलांचा सहभाग’ आणि ‘भागीदारी’ हे शब्द जागतिक परिषदांपासून वॉर्डातल्या बैठकांपर्यंत सगळीकडे ऐकू येतात, त्यांचा खालच्या टोकाला अर्थ काय होतो ते मला या ८४ घरांत दिसलं.

दोघी

त्या सासू-सुना. आम्ही सासूला मावशी म्हणतो, सुनेला ताई. मावशी मराठवाड्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात आईबापांसोबत पुण्याला आल्या तेव्हा सात-आठ वर्षांच्या होत्या. पुण्यातल्या जुन्या कचरावेचक बायांशी बोललं की बहात्तरचा दुष्काळ हटकून निघतो. मराठवाड्यातून, सोलापूरकडून तेव्हा कुटुंबंच्या कुटुंबं शहरात आली. त्यांतली बहुतेक दलित, बरीचशी मातंग, आणि बिनजमिनीची. पुरुषांना हमाली मिळाली, बांधकामावर काम मिळालं. बायांना जे मिळालं त्याला भांडवल लागत नव्हतं, एक पोतं पुरत होतं. आज ज्यांना आपण ‘हवामान-विस्थापित’ म्हणू, ते पुण्यात पन्नास वर्षांपूर्वीच आले आणि शहराचा कचरा उचलू लागले. शब्द नंतर आला.

ताई तिशीतली, सातवी शिकलेली. हिशेबाला पक्की. माझ्या वहीत आणि तिच्या डोक्यात फरक पडला की चूक माझ्या वहीत निघायची.

अकरा वर्षांचा क्रम असा होता. सकाळी साडेसातला ढकलगाडी फाटकाशी. सासू ‘ए’ विंगमध्ये, सून ‘बी’मध्ये. ओलं एका बादलीत, सुकं पोत्यात. दहापर्यंत खाली वर्गीकरण : पुठ्ठा, रद्दी, पांढरं प्लास्टिक, कडक प्लास्टिक, पाण्याच्या बाटल्या, काच, पत्रा. ओलं बागेमागच्या खताच्या खड्ड्यांत. उरलेलं, म्हणजे ज्याचं काहीच होत नाही ते, महापालिकेच्या गाडीत. सुकं मात्र त्यांचं. ते त्या भंगारच्या दुकानात विकायच्या आणि ते पैसे त्यांचे असायचे. घरामागे महिन्याला शंभराच्या आतली फी वेगळी.

‘सुकं त्यांचं’ हे मी तेव्हा रीत म्हणून धरून चाललो होतो. ती रीत नव्हती. तो पंधरा वर्षं भांडून मिळवलेला हक्क होता, आणि मला त्याची कल्पनाही नव्हती.

हा हक्क कुठून आला

कर्वे रस्त्यावरच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काही कार्यकर्त्या कचरावेचक बायांपर्यंत पोचल्या. बायांना साक्षरतेच्या वर्गापेक्षा चांगला कचरा हवा होता. म्हणजे कुंडीत सडलेला नको, घरातूनच वेगळा केलेला हवा होता. तशी सोय काही भागांत सुरू झाली, आणि लगेच एका उद्योजकाने त्याच भागात घरोघरचा कचरा गोळा करायला गाडी आणली. बाया रस्त्यावर उतरल्या. त्या भांडणातून १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि हमालांचे, कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव तिचे अध्यक्ष झाले. पुण्यात हमाल पंचायतीची परंपरा होतीच. कष्टकऱ्याची संघटना कशी बांधायची हे या शहराला नवं नव्हतं. नवं होतं ते हे की या संघटनेत बहुसंख्य बाया होत्या.

पहिली मागणी पगाराची नव्हती, ओळखपत्राची होती. कचरा उचलणारी बाई चोर नव्हे, कामगार आहे, हे कुणीतरी लिहून द्यावं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर महापालिकेने त्या ओळखपत्रांना मान्यता दिली. मावशींचं पहिलं ओळखपत्र अजून त्यांच्याकडे आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डासोबत.

पुढे २००० सालच्या घनकचरा नियमांनी घरोघर कचरा गोळा करणं शहरांवर बंधनकारक केलं. मग प्रश्न आला की हे काम करणार कोण. घंटागाडी आणि ठेकेदार हा सगळीकडचा सोपा रस्ता होता. पुण्यात बायांनी सांगितलं, आम्ही करतोच आहोत, आमच्याशीच करार करा. त्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये महापालिकेने तिच्याशी पाच वर्षांचा करार केला. त्याचा गाभा साधा आहे. फी नागरिक थेट वेचकाला देणार. व्यवस्थापनाचा आणि साधनांचा खर्च महापालिका उचलणार. आणि गोळा झालेलं भंगार वेचकाचं.

तिसरं कलम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. जगभर कचऱ्यात पैसा आहे म्हटलं की पहिल्यांदा भंगारावरची मालकी सरकते, मागोमाग काम करणारी बाई. पुण्यात ती मालकी कागदावर आली.

कागदाची मुदत मात्र संपते. पहिला करार २०१३ मध्ये संपला आणि पुढचा पाच वर्षांचा २०१६ मध्ये झाला. मधली वर्षं तात्पुरत्या व्यवस्थेवर गेली. दुसऱ्याची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली. म्हणजे टाळेबंदीत सगळं शहर दार लावून बसलेलं असताना ज्या बाया दारात येत होत्या, त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचं काम ठेकेदाराला द्यायचं का, यावर चर्चा चालली होती. नागरिकांनी पत्रं लिहिली, बायांनी मोर्चे काढले, काही महिन्यांच्या मुदतवाढी मिळत गेल्या. भागीदारी म्हणायची आणि दर थोड्या दिवसांनी भागीदाराने दारात उभं राहून ‘आहे ना अजून?’ म्हणून विचारायचं, अशी ही तऱ्हा.

हवामानाचा याच्याशी काय संबंध

सभेतल्या त्या पडद्यावर याचं उत्तर नव्हतं, म्हणून थोडक्यात सांगतो.

ओला कचरा डेपोत ढिगाखाली दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही, आणि कुजताना त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. वीस वर्षांचा धरला तर ऐंशीपटीच्या आसपास. तोच कचरा खड्ड्यात, हवा खेळती ठेवून कुजवला तर मिथेन जवळजवळ होत नाही. म्हणून भाजीचं देठ कुठे पडतं याला महत्त्व. सुक्याचं गणित वेगळं. भंगारातून परत आलेल्या ॲल्युमिनियमला खाणीतून काढलेल्यापेक्षा सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते. कागद, काच, प्लास्टिक यांत बचत कमी, पण असतेच. ढकलगाडीला डिझेल लागत नाही, हे तर उघडच.

हे मी एकदा मावशींना समजावायला गेलो. त्या म्हणाल्या, “डेपोचा वास येतो तोच ना ग्यास?” मी म्हटलं, नाही, मिथेनला वास नसतो, वास येतो तो बाकीच्या वायूंचा. “मग वास येत नाही त्याची काळजी तुम्ही करा,” असं म्हणून त्यांनी पोत्याचं तोंड बांधलं.

आमच्या पिढीला कचरा डेपो म्हणजे कोथरूडचा. तिथे आता मेट्रोचा डेपो आहे आणि नव्याने आलेल्यांना खरंही वाटत नाही. तिथून तो गेला उरुळी देवाची–फुरसुंगीला. कोथरूडची दुर्गंधी संपली म्हणजे संपली असं आम्ही धरून चाललो. उरुळीकरांच्या विहिरींचं पाणी खराब झालं, त्यांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, गाड्या अडवल्या, आणि गाड्या अडल्या की चार दिवस पेपरांत ‘पुण्यात कचराकोंडी’ असा मथळा यायचा. कोंडी पुण्याची म्हटली जायची. ढीग त्यांच्या दारात होता.

सहा महिने

मे महिना बरा गेला. गाडी वेळेवर यायची. दोन तरुण मुलगे, टोप्या, हातमोजे. लोक खूश.

जूनमध्ये पाऊस लागला आणि पहिली गोष्ट लक्षात आली. त्या मुलांना ८४ घरं पंचवीस मिनिटांत करायची होती, कारण पुढे आणखी चार सोसायट्या होत्या. गाडीत ओल्या-सुक्याचे कप्पे होते, पण घाईत सगळं एकात जायचं. मावशी दारात उभ्या राहून पिशवी उघडून बघायच्या आणि “वहिनी, यात दुधाची पिशवी आलीय” म्हणून परत द्यायच्या, त्याची आम्हांला कटकट वाटायची. ती कटकट थांबली तशी दोन महिन्यांत आमची अकरा वर्षांची सवय मोडली. मी माझ्याच घरातला डबा बघून सांगतोय.

दुसरी गोष्ट मला बायकोने सांगितली. मला ती दिसलीच नसती. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळं द्यायची पद्धत आमच्याकडे होती. वेचक बायांनीच पुण्यात ती घराघरांत रुजवली. त्यासाठी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्याही त्याच करून विकायच्या. २०१६ च्या नियमांत पॅड गुंडाळून वेगळं द्यावं असं आलं, त्याच्या आधीपासून या पिशव्या होत्या. आमच्या इमारतीत हे जमलं, कारण बाईने बाईला दारात उभं राहून सांगितलं होतं. ठेकेदाराचे मुलगे यायला लागल्यावर लाल ठिपके बंद झाले. वीस वर्षांच्या मुलाच्या हातात ती पुडी कोण देणार? पॅड काळ्या पिशवीत घालून, घट्ट गाठ मारून, सुक्याच्या तळाशी जायला लागली. सभेत हे कुणी बोललं नाही. ठराव मांडणारे, अनुमोदन देणारे आणि त्याचं टिपण लिहिणारे आम्ही सगळे पुरुष होतो.

तिसरी गोष्ट यंत्राची. ते ओलं ढवळतं, तापवतं आणि चोवीस तासांत तपकिरी भुकटी बाहेर टाकतं. भुकटी छान दिसायची. बागेत टाकली आणि पाऊस पडला, तशी ती फुगली, तिला बुरशी आली आणि वास सुटला. ते खत नव्हतंच, वाळवलेलं खरकटं होतं. कुजण्याला लागणारे आठवडे वीज देऊन वाचवता येत नाहीत. सामाईक मीटरचं बिल बघून मी, खजिनदार या नात्याने, पहिल्यांदा अस्वस्थ झालो. ‘कार्बन न्यूट्रल’ व्हायला आम्ही कोळशाची वीज जाळून भाजी वाळवत होतो.

चौथी गोष्ट ऑगस्टमध्ये कळली. आमचं सुकं कुठे जातं ते बघायला मी ठेकेदाराच्या गोदामावर गेलो. पत्र्याची शेड, आत उकाडा, आणि जमिनीवर बसून कचरा निवडणाऱ्या नऊ-दहा बाया. रोजंदारीवर. हातमोजे नाहीत, ते गाडीवरच्या मुलांना. आमच्या काळ्या पिशव्यांच्या गाठी त्या हाताने सोडत होत्या.

म्हणजे कामातून बाया गेल्याच नव्हत्या. फक्त लोकांच्या नजरेआड, शेवटच्या टोकाला बसवल्या होत्या. सोसायटीच्या दारात पुरुष, गणवेश आणि गाडी. गोदामाच्या अंधारात बाई आणि रोज. आणि भंगार ठेकेदाराचं. आमच्या सोसायटीचा वार्षिक अहवाल तेव्हा लिहिला असता तर ‘ठेकेदाराकडे महिलांना रोजगार’ असं वाक्य त्यात खुशाल घालता आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं.

नदीकाठी

२५ जुलै २०२४ ची पहाट पुण्यात कुणी विसरलेलं नाही. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकहून जास्त विसर्ग, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पहिल्या मजल्याजवळ पाणी. मावशी-ताईंची वस्ती नदीकाठची. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने घेतलेले बळी त्यांच्या ओळखीतले होते, त्यामुळे पाण्याची चाहूल लागताच त्या माणसं घेऊन शाळेत गेल्या. माणसं वाचली.

माल गेला. तो काय माल, हे समजून घ्यायला मला वेळ लागला. वेचक बाया सगळं भंगार रोज विकत नाहीत. थोडं थोडं बाजूला साठवत जातात : पत्रा, तांब्याची तार, कडक प्लास्टिक. भाव चढला की, किंवा शाळेची फी भरायची वेळ आली की एकदम विकतात. ते त्यांचं बचत खातं. नवऱ्याच्या नजरेला ते कचरा दिसतं, म्हणून सुरक्षितही असतं. एप्रिलपर्यंत आमच्या सोसायटीतून जमवलेली सात-आठ पोती घरामागे होती. ती वाहून गेली. एक-दोन उरली तीही भिजली, आणि भिजल्या मालावर दुकानदार ओलाव्याचा कडता कापतो.

पंचनामा झाला. भांडी, गादी, धान्य, टीव्ही लिहिलं गेलं. भंगार लिहायला ताईने सांगितलं तर पंचनामा करणाऱ्याने विचारलं, कचऱ्याचं काय लिहू? तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या फॉर्मात तो रकानाच नव्हता.

पुराचा फटका बायांना जास्त बसतो, असं हवामान आणि स्त्रिया यांवरच्या प्रत्येक अहवालात असतं. का बसतो, याचं मला मिळालेलं सगळ्यांत स्पष्ट उत्तर हे. बाईची मालमत्ता अशा रूपात असते की ती गेली तरी गेली असं कुठे लिहिलं जात नाही.

आमचं काम गेल्यामुळे ताई तेव्हा फिरतीवर होती. म्हणजे ठरलेली घरं नाहीत, रस्त्यावरचं, कुंड्यांमधलं वेचायचं. पुरानंतर भिजक्या गाद्या आणि फर्निचरचे ढीग लागले होते. त्यात ती आठवडाभर होती. पाय सुजले, ताप आला. आमच्या सोसायटीत तेव्हा यंत्राच्या देखभाल कराराची चर्चा चालू होती.

भागीदार कोण कोण

कचऱ्याच्या या सगळ्या व्यवहारात भागीदार म्हणवणारे बरेच आहेत. सगळ्यांवर सारखं लिहिण्यात अर्थ नाही.

महापालिकेबद्दल वर आलंच. तिला हा सौदा स्वस्तात पडतो, हे उघड बोललं पाहिजे. हजारो माणसांचं काम आणि पगारपत्रकावर एकही नाव नाही. रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, फी बुडवली तर वसुली बाईनेच करायची. ‘स्वच्छ’च्या प्रयोगाचं कौतुक करणारे बरेचदा या ठिकाणी आवाज खाली करतात. मालकी आणि स्वायत्तता मोठी खरी, पण तापाच्या दिवसाचे पैसे तीतून मिळत नाहीत.

कंपन्यांचं वेगळं आहे. वेफर्सची, शांपूची चकचकीत पाकिटं अनेक थरांची असतात. ती कुणी विकत घेत नाही, म्हणून वेचक ती उचलत नाही. पुण्यात कंपन्यांच्या पैशातून ही पाकिटं किलोवर घेतली जाऊ लागली तशी बाया ती वेगळी काढू लागल्या. प्लास्टिक नियमांनी उत्पादकावर जबाबदारी टाकल्यावर हा पैसा आला. चांगलं झालं. पण तो प्रकल्पाचा पैसा आहे. आटला की पाकिटं पुन्हा डेपोकडे. आणि प्रकल्पाच्या अहवालात बायांचा फोटो पहिल्या पानावर असतो, भाव किती मिळाला ते आतल्या पानांवरही नसतं.

आंतरराष्ट्रीय पातळीबद्दल दोन वाक्यं. हवामान वाटाघाटींत २०१४ ला स्त्री-पुरुष समानतेसाठीचा लिमा कार्यक्रम आला, २०१७ ला लिंगभाव कृती आराखडा आला, २०२४ मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत त्या लिमा कार्यक्रमाला दहा वर्षांची मुदतवाढ मिळाली. पुण्यातल्या बायांना २०२० चा करार संपल्यावर काही महिन्यांची मिळत होती, त्यांनी हे ऐकून काय म्हणावं?

उरलो आम्ही, नागरिक. या साखळीतला सगळ्यांत बेभरवशाचा भागीदार मी आमच्यालाच म्हणेन. २०२०–२१ ला वेचकांच्या बाजूने सही करणारे आमच्या सोसायटीतही होते. त्यातल्या काहींनी २०२४ च्या सभेत माझ्यासोबत हात वर केला.

नव्या अटी

ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या आधी, पुन्हा सभा झाली. या वेळी कचरा पहिल्या क्रमांकावर होता, आणि मावशी-ताईंना बोलावलं होतं. मावशी खुर्चीवर बसायला तयार नव्हत्या. ताई बसली.

आम्हांला वाटलं होतं, या म्हणा, फी थोडी वाढवा म्हणा, झालं. ताईने फीबद्दल शेवटी विचारलं. तिचा पहिला मुद्दा पुठ्ठ्याचा होता. ऑनलाइन खरेदी वाढल्यापासून सोसायटीच्या सुक्यात सगळ्यांत किमती वस्तू म्हणजे खोके. आणि गेली काही वर्षं खोके त्यांच्या हाती येतच नव्हते. सुरक्षारक्षक आणि सफाईची पोरं ते आधीच बाजूला काढून विकायची. बायांच्या वाट्याला दह्याचे डबे आणि मळके कागद. “सुकं आमचं म्हणता, मग पुठ्ठा सुका नाही का?” असं तिने सरळ विचारलं. मी अकरा वर्षं त्या फाटकातून जातोय. खोके कुठे जातात हे मी कधी पाहिलं नव्हतं.

हा वाद गोडीने मिटला नाही. रक्षकही गरीबच आहेत, त्यांचाही पगार वेळेवर होत नाही, आणि एका गरिबाच्या हातून काढून दुसऱ्याला देताना सभेतल्या लोकांना एकदम न्यायाचा पुळका आला. शेवटी रक्षकांना सोसायटीने महिन्याला ठरावीक भत्ता द्यायचा आणि पुठ्ठ्यासकट सगळं सुकं दोघींचं, असं लिहिलं गेलं. एक रक्षक अजून नाराज आहे.

फी सोसायटीच्या मासिक बिलात घातली आणि पाच तारखेच्या आत दोघींच्या वेगवेगळ्या खात्यांत जमा करायची, असं ठरलं. वेगवेगळी खाती हा मावशींचा आग्रह. सुनेच्या बाजूने सासूने धरलेला आग्रह मी पहिल्यांदाच ऐकला, म्हणून इथे नोंदवतो. खड्डे पुन्हा सुरू झाले, त्याचं काम वेगळं धरून वेगळे पैसे. यंत्र अजून जिन्याखाली आहे. घेणारं कुणी मिळालं नाही.

सगळ्यांत जास्त वेळ गेला किल्लीवर. ताईची मागणी होती, वर्गीकरणाला उतारावरच्या छपराखाली जागा, एक पंखा, नळ आणि तळमजल्यावरच्या ड्रायव्हरांच्या स्वच्छतागृहाची किल्ली. साडेसात ते बारा इथे काम करायचं आणि जायला जागा नाही, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नसत. एप्रिल-मेच्या उन्हातही नाही. उष्णतेच्या लाटेत भरपूर पाणी प्या, असे फलक आम्ही त्याच फाटकावर लावले होते. पंखा आणि नळ दोन मिनिटांत मंजूर झाला. किल्लीवर पंचवीस मिनिटं. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, आज यांना दिली तर प्रथा पडेल. तेव्हा आमच्याच विंगमधल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका उठल्या आणि म्हणाल्या, “पडू दे की.” ठराव झाला. या सभेत बायका सतरा होत्या. एप्रिलमध्ये चार.

लाल ठिपके परत यायला अख्खा हिवाळा लागला. ओल्या-सुक्याची सवय अजून पूर्ण बसलेली नाही. ‘बी’ विंगचा तिसरा मजला काही केल्या ऐकत नाही.

आता नवीन विषय निघालाय. मावशींचे गुडघे गेलेत, ढकलगाडी त्यांच्याने चढावर ओढवत नाही. विजेवर चालणारी तीनचाकी घ्यायची असं घरात चाललंय. पूर्वी व्यावसायिक वाहनाच्या परवान्याला आठवी पास लागायचं, त्यामुळे सातवीवाली ताई मुळातच बाद होती. ती अट २०१९ मध्ये निघाली. तिने शिकाऊ परवाना काढलाय आणि रविवारी सकाळी वस्तीमागच्या मैदानात एका नातेवाइकाची रिक्षा घेऊन गोल फिरवत असते. मावशी कट्ट्यावर बसून बघतात.

कर्जाचा अर्ज भरायला ती माझ्याकडे आली होती. सगळे रकाने भरून झाले, एक राहिला. गाडी कुणाच्या नावावर. नवरा म्हणतो माझ्या, कारण गाडी म्हटलं की गड्याचीच. मावशी म्हणतात हिच्या. ताई काही बोलली नाही, रकाना रिकामा ठेवून अर्ज घडी घालून घेऊन गेली.